वाचा, पण उतरवून घेऊ नका

माझा मामा गाड्यांच्या सीटा शिवायचा. टेम्पो, टॅक्सी, शाळेच्या व्हॅन, आणि एकदा एक रुग्णवाहिका. रुग्णवाहिकेचं काम त्याला पटलं नाही. सीट कशी झाली हे सांगायला त्यातलं गिऱ्हाईक परत येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

त्याचं दुकान म्हणजे एक शटर, एक शिलाई मशीन आणि फोमचे इतके तुकडे, की खाली मशीन आहे हे फक्त त्यालाच माहीत. शाळेला त्याने सातवीतच रामराम ठोकला होता. वाचायला त्याला नीट यायचं. लिहायला बसला की मात्र आकडे हाताखालून जागा बदलायचे. म्हणून तो मापं लिहायचाच नाही, सुतळीला गाठी मारायचा. तीन म्हणजे तीन गाठी, मग बोटभर जागा, मग पुढचा आकडा. शून्याला एक जाडजूड गाठ. सुतळीचं सुरुवातीचं टोक तो सरसात बुडवून कडक करायचा, म्हणजे डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं ते कळावं. बाजारात त्याला सगळे ‘सुतळी’ म्हणत. त्याच्या तोंडावरही म्हणत आणि तो ओ द्यायचा.

मी त्याच्या बहिणीची मुलगी. जन्मापासून माझे पाय कामाचे नाहीत आणि पाठही अर्धवटच कामाची आहे. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे मध्येच कोणी हळवं व्हायला नको. वडील नव्हते. म्हणजे होते, पण दुसऱ्या गावात, दुसऱ्या घरात. आई एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. मामाने लग्न केलं नाही. का, हे विचारलं की तो फोम कापायला घ्यायचा.

शाळा अकरा किलोमीटरवर होती. व्हॅनवाले काका मला चाकाच्या खुर्चीसकट गाडीत चढवायचे आणि खुर्ची मागच्या सीटला सायकलच्या जुन्या ट्यूबने बांधायचे. तीन वर्षं मी त्या ट्यूबच्या भरवशावर शाळेत गेले. ब्रेक लागला की मी पुढे जाऊन परत मागे यायचे. गणिताचा तास पहिला असला की झोप उडवायला ते बरंच होतं.

मी तेरा वर्षांची असताना नियम बदलला. नवा नियम चांगला होता, हे मी आजही म्हणते. तो वाहन कार्यालयाच्या भिंतीवर लावला होता, कोणीही फुकट वाचावा. त्यात एकच वाक्य आमच्या कामाचं होतं: चाकाची खुर्ची नेणाऱ्या वाहनात ती खुर्ची मानकाप्रमाणे बांधलेली असावी. पुढे मानकाचा क्रमांक. तपासणी अधिकाऱ्यांनी ट्यूबकडे पाहिलं आणि काकांच्या कागदावर फुली मारली.

“मी पोरीला नाही म्हणत नाहीये हो,” काका आईला म्हणाले, “कागद नाही म्हणतोय.”

शाळेने पत्र पाठवलं. नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी मुलगी हजर नसेल, तर तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला देण्यात येईल. पत्राखाली शुभेच्छाही होत्या. सत्र सुरू व्हायला दहा आठवडे होते. माझ्यासारख्या मुलांना घेणारी दुसरी शाळा आसपास नव्हती. आईने पत्र घडी करून डब्याखाली ठेवलं.

“त्यात काय एवढं, ताई?” मामा म्हणाला. “चार पट्टे लावायचे. दोन पुढे, दोन मागे.”

त्याने दोन दिवसांत चार पट्टे शिवून गाडीच्या तळाला बोल्टने आवळले. हत्ती बांधला असता तरी हलला नसता. आम्ही गाडी घेऊन पुन्हा तपासणीला गेलो. अधिकारी तरुण होते, शर्ट इस्त्रीचा, बगलेत तपासणीचा तक्ता.

“मानकाप्रमाणे आहे का?” त्यांनी विचारलं.

“मानकात काय आहे?” मामाने विचारलं.

“ते मानकात आहे.”

“तुम्ही वाचलंय का, साहेब?”

“मला वाचायचं नसतं. मला खूण करायची असते.”

ते हे उद्धटपणे म्हणाले नाहीत. खरं तेच सांगत होते. त्यांच्या कार्यालयात मानकाची प्रत नव्हती. त्यांनी मागणी केली होती, तिला तिसरा महिना चालू होता.

चौकशी केल्यावर कळलं ते असं. नियम सरकारचा, पण मानक एका खासगी संस्थेचं. सरकारने नियमात फक्त त्याचा क्रमांक घातला होता. संस्था मानक विकायची, आणि एका प्रतीची किंमत मामाच्या शिलाई मशीनएवढी. मामा मशीन विकायला निघालाही होता. पण संस्थेच्या यादीत पाहिलं तर ते मानक आणखी चार मानकांकडे बोट दाखवत होतं, आणि मामाकडे आणखी चार मशीन नव्हती.

“कायदा कोणाचा? सरकारचा,” मामा घरी येऊन म्हणाला. “कायद्यात लिहिलंय काय? ते संस्थेचं. मग मी मोडतोय ते नेमकं कोणाचं?”

मला तर संताप आला होता. मी पुढे बरंच शिकले, पण कायदा भिंतीवर आणि त्याचा अर्थ कपाटात, अशी सोय असू शकते हे मला तेराव्या वर्षीच कळलं.

कपाट मात्र सगळ्यांना खुलं होतं. तशी पाटीच होती: ‘सार्वजनिक अवलोकन कक्ष’. एका सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक खोली, एक टेबल, एक खुर्ची, आणि समोर एक बाई. आधी वेळ घ्यायची. रोज एका माणसाला एक तास. मानक टेबलावर मिळणार. वाचा, पण उतरवून घेऊ नका. पेन, पेन्सिल, कागद, फोन, कॅमेरा, मोजपट्टी बाहेर खणात ठेवायचं. बाई तासभर वाचणाऱ्याच्या हातांकडे बघत बसायच्या. तोच त्यांचा हुद्दा होता.

यादीत सुतळी नव्हती.

पहिल्या दिवशी फाटकावरच्या शिपायाला सुतळीचं ते सरसाचं कडक टोक पेन्सिलसारखं वाटलं. त्याने ते कात्रीने कापून ठेवून घेतलं आणि मामाला पावती दिली. ‘सुतळी, दोन बोटं.’ ती पावती माझ्याकडे आहे. टोक नसलं तरी डोकं कुठलं ते आपल्याला आठवेल, असं मामाला वाटलं.

टेबलाशी बसून त्याने पान उघडलं आणि गाठी मारायला सुरुवात केली. बाईंनी वीस मिनिटं पाहून घेतलं.

“हे काय आहे?”

“सुतळी.”

“ते दिसतंय. करताय काय?”

“गाठी मारतोय.”

बाईंनी नियमांचा फलक वरपासून खालपर्यंत वाचला. मग एक पत्र लिहायला घेतलं. गाठ म्हणजे नोंद होते काय, असा प्रश्न त्यांनी मुख्यालयाला विचारला आणि उत्तर येईपर्यंत मामाला बसू दिलं. मला त्या बाईंचा तेव्हा राग होता, पण हे मात्र मान्य करायला हवं: जे लिहिलेलं नाही ते त्यांनी स्वतःच्या मनाने मना केलं नाही.

पाच दिवसांत मामाने सगळी मापं सुतळीवर आणली. सुतळी खिशात ठेवून ठेवून तिचा गुंता झाला होता. आईने तो एका दुपारी बसून सोडवला आणि छान गुंडाळी करून दुकानात पाठवून दिली. आईला पसारा खपत नाही.

मामाने गुंडाळीचं हाती आलेलं टोक धरलं आणि मापं लावत गेला. दोन पट्ट्यांमधलं अंतर तीनशे पंचवीस मिलिमीटर हवं होतं, ते पाचशे तेवीस झालं. शेवटच्या पानावरची मापं पहिल्या पट्ट्याला गेली. मी गाडीत बसले तर मध्ये माझी खुर्ची आणि चार बाजूंना ताणलेले पट्टे. वाळत घालायचे कपडे तेवढे नव्हते. मामाच्या डोळ्यांना हे चुकलेलं दिसत होतं. तीस वर्षं त्या डोळ्यांवर त्याचं दुकान चाललं होतं. पण हे पडलं मानक, मोठ्या लोकांनी बसून ठरवलेलं, म्हणून त्याने डोळ्यांना गप्प बसवलं.

“मामा, हे असं असतं?” मी विचारलं.

“स्टँडर्ड आहे,” तो म्हणाला.

मग मी हलले आणि खुर्ची फिरून दाराशी गेली. मामाने मला उतरवलं, गाडीच्या तळावर मांडी घालून बसला, आणि सुतळीची दोन टोकं दोन हातांत धरून बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिला. कुठलं डोकं, ते त्याला खात्रीने सांगता येईना, आणि एकदा दगा दिलेल्या सुतळीच्या भरवशावर मला बांधायला तो तयार नव्हता. आईला गुंडाळीबद्दल त्याने कधीच काही सांगितलं नाही. मी सांगितलं, पण वीस वर्षांनी.

तो पुन्हा कक्षात गेला तेव्हा मुख्यालयाचं उत्तर आलेलं होतं आणि फलकावर नवी ओळ चिकटवली होती: ‘सुतळी, दोरा, लोकर व गाठ मारता येण्याजोगी कोणतीही वस्तू.’ त्याला बुटांच्या नाड्याही काढून ठेवाव्या लागल्या. तासभर त्याने आकडे तोंडपाठ केले आणि जिन्यावरून उतरताना एकेका मजल्यावर थोडे थोडे सांडत आला. घरी त्याने मला एकाच मापाचे तीन वेगवेगळे आकडे सांगितले, तिन्ही सारख्याच खात्रीने.

सत्राला अकरा दिवस राहिले होते. मी दोन महिने घरात बसून, निव्वळ रागाने, पुढच्या वर्षीचं भूगोलाचं पुस्तक पाठ केलं होतं. आईने मीठ मागितलं तरी मी तिला नद्यांची लांबी सांगत होते. मामा माझ्याकडे बघत राहिला.

“मास्तरीणबाई,” तो म्हणाला, “उद्या तुम्हीच चला.”

इमारतीला लिफ्ट होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘फक्त दप्तरांसाठी’. मामाने शिपायाला सांगून पाहिलं, की हिला दप्तर समजा. दप्तराला क्रमांक लागतो, शिपाई म्हणाला. तेव्हा खुर्ची खाली ठेवून मामाने मला पाठीवर घेतलं. पायऱ्या बासष्ट. मी मोजल्या, मामाला मोजण्याइतका दम उरला नव्हता. चाकाच्या खुर्चीचं मानक तिसऱ्या मजल्यावर होतं, ह्यात कोणालाच काही वावगं वाटत नव्हतं. वरच्या साध्या खुर्चीवर मी नीट बसू शकत नाही, म्हणून मामाने मला आईच्या शालीने खुर्चीच्या पाठीशी बांधलं. शालीलाही गाठ मारावी लागते. बाईंनी फलकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अर्जाचा कागद पुढे केला.

“वाचक कोण?”

“मी.”

“प्रयोजन लिहा.”

त्यांच्या टेबलावर साखळीने बांधलेलं पेन होतं. मी लिहिलं: शाळेत जाणे.

“हे यादीत नाही,” बाई म्हणाल्या. “संशोधन लिहा.”

मी संशोधन लिहिलं.

मानक, त्याने बोट दाखवलेल्या चारांसकट, चौसष्ट पानांचं होतं. त्यात माझ्यासारखीची आकृती होती, नाकडोळे नसलेली, फक्त रेषांची, खुर्चीत ताठ बसलेली. तिच्या अंगावर बाण होते. पट्टा पोटावरून नको, मांडीच्या मुळाशी हवा. खांद्यावरून हवा, मानेला लागता कामा नये. खुर्चीच्या हाताला बांधू नये. काका तीन वर्षं नेमकं तिथेच बांधत होते. हे सगळं माझ्याबद्दल होतं, कोणीतरी फार विचार करून लिहिलं होतं, आणि ते वाचायला मला मामाच्या पाठीवर बसून यावं लागलं होतं. मला तिथे रडू आलं. बाईंनी पान भिजू नये म्हणून ते जरा बाजूला सरकवलं.

चार दिवस आम्ही गेलो. मी वर पाढे पाठ करावेत तसं पाठ करायचे आणि खाली दुकानात येऊन घडाघडा म्हणून दाखवायचे. मामा ऐकत ऐकत कापायचा, शिवायचा, बोल्ट लावायचा. चौथ्या दिवशी तास संपला तेव्हा एक तक्ता राहिला होता. बाईंनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्म्यावाचून त्यांना घड्याळ दिसत नसे. तो चष्मा त्यांनी नऊ मिनिटं पुसला.

तक्ता झाल्यावर वेळ उरला, म्हणून मी सहज पहिलं पान उलटलं. तिथे बारीक अक्षरात होतं, की हे मानक पाळल्याने इजा होणार नाही अशी कोणतीही हमी संस्था देत नाही आणि कशाचीही जबाबदारी संस्थेवर राहणार नाही. ते पाठ करायची गरज नव्हती, पण झालं. उतरताना मामाच्या पाठीवरून मी त्याला ते म्हणून दाखवलं. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला.

“परत म्हण.”

मी परत म्हटलं.

“हं,” म्हणाला, आणि उतरायला लागला.

सत्राच्या आदल्या दिवशी गाडी पुन्हा तपासणीला गेली. तेच अधिकारी, तोच तक्ता.

“मानकाप्रमाणे आहे का?”

“आहे,” मामा म्हणाला.

“कशावरून?”

मामाने माझ्याकडे बोट दाखवलं. मी कलम चारपासून सुरू केलं. पट्ट्याची रुंदी, जमिनीशी कोन, बोल्टची जाडी, दोन पट्ट्यांमधलं अंतर. मध्येच पाहिलं तर अधिकारी तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर भराभर लिहीत होते.

“जरा हळू,” ते म्हणाले. “कोन किती म्हणालीस?”

मी सांगितलं. त्यांनी लिहिलं, खाली रेघ मारली.

“हे तुम्ही कशाला लिहिताय?” मी विचारलं.

“पुढच्या गाडीला लागेल.”

मी बरोबर म्हणत होते की नदीची लांबी सांगत होते, हे कळायला त्यांच्यापाशी काही साधन नव्हतं. मी शेवटपर्यंत म्हटलं, त्यांनी शेवटपर्यंत उतरवून घेतलं, आणि रकान्यात बरोबरची खूण केली. पट्टा ओढून बघा ना, असं मी त्यांना म्हटलं. त्याला रकाना नाही, ते म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा ओशाळेपणा होता. मग मामाने ओढून बघितला, दोन्ही हातांनी, पाय टेकून. खुर्ची हलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. नव्या पट्ट्यांत मला मान मागे वळवता येत नव्हती. पहिल्या वळणानंतर काका आरशात बघून म्हणाले, “तुझा मामा मागे आहे. स्कूटरवर.” पुढच्या सिग्नलला म्हणाले, “आहे अजून.” अकरा किलोमीटर तो होता. शाळेच्या फाटकाशी मामा गाडीत चढला, चारही पट्ट्यांखाली बोट घालून पाहिलं, उतरला आणि दुकान उघडायला निघून गेला. मला वाटलं, पहिला दिवस म्हणून असेल.

तो दुसऱ्या दिवशीही आला. आठवड्यानेही. आईला तो सांगायचा, सकाळी रेग्झीन आणायला जातो. एवढं रेग्झीन आलं असतं तर आम्ही घरावर पांघरलं असतं. पावसात काका त्याला गाडीत बस म्हणायचे. तो मान हलवून नको म्हणायचा. गाडीत बसून पट्टे दिसत नाहीत, मागून काचेतून दिसतात. मी पाच वर्षं त्या व्हॅनने गेले आणि पाच वर्षांत मी त्याला एकदाही रस्त्यावर पाहिलं नाही, कारण मी नीट बांधलेली होते.

शेवटच्या पेपरला त्याने नेहमीसारखी बोटं घालून पाहिली, तेव्हा मी त्याला एकदाचं विचारलं.

“मामा, खूण झाली होती ना? कागद मिळाला होता ना? मग रोज कशाला यायचास?”

त्याने मागच्या डाव्या पट्ट्याचं बक्कल उघडलं आणि परत लावलं.

“बांधलंय मी,” तो म्हणाला.